राजवट उलथवायची तर आधी तिचा कारकून गाठा

रोलप्लेइंग गेममध्ये राक्षस मारणं त्या मानाने सोपं. त्याच्या अंगात किती बळ आहे तो आकडा सूत्रधाराच्या कागदावर असतो, फासे पडत जातात, आकडा शून्यावर आला की राक्षस आडवा. जुलमी राजवटीला असा आकडाच नसतो. म्हणून ‘आपण सगळे मिळून सुलतानाविरुद्ध कट करू’ म्हणत उत्साहाने सुरू झालेली कॅम्पेनं (म्हणजे महिनोन्‌महिने चालणाऱ्या कथा) तिसऱ्या-चौथ्या बैठकीत रुतून बसतात. खेळाडू एकमेकांकडे बघतात, आता नेमकं करायचं काय ते कुणालाच सुचत नाही, आणि पुढच्या रविवारी सगळे मुकाट्याने पुन्हा गुहेत शिरून राक्षस मारायला लागतात.

ही पंचाईत का होते आणि ती कशी टाळायची, ते इथे सांगतो. उदाहरणं बडोद्याची घेणार आहे. आम्ही खेळतो ते इथे, दांडिया बाजारात, हे एक कारण. दुसरं कारण असं की राजवाडा, परकी सत्ता, नोकरचाकर, विष आणि खटला या सगळ्यांचं मिळून झालेलं अस्सल कारस्थान या गावाने १८७४-७५ साली पाहिलेलं आहे. सूत्रधाराने त्याचा अभ्यास केला तर वेगळं पुस्तक वाचायची गरज नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून आला आणि या प्रकारच्या खेळांना सुरुवात झाली. चार-पाच खेळाडू एकेक पात्र घेतात: कुणी चोर, कुणी वैदू, कुणी पदच्युत सरदाराची मुलगी. उरलेलं अख्खं जग, म्हणजे शिपाई, बाजार, पाऊस, राजा, हे सगळं एकटा सूत्रधार चालवतो. गेम मास्टर म्हणतात तो हाच. खेळाडू म्हणतो, ‘मी कोतवालाला थाप मारतो.’ थाप पचेल की नाही याची खात्री नसेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राचं कसब मिळवायचं, आणि बेरीज सूत्रधाराने ठरवलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त आली तर जमलं. आकडा १५ आणि कसब ४ असेल, तर फाशावर ११ किंवा वर हवेत, म्हणजे निम्मी शक्यता. तीच पात्रं, तीच कथा महिनोन्‌महिने चालते, ते कॅम्पेन. आमच्या टेबलावर मराठी चालते, पण खेळातला व्यापारी बोलायला लागला की सूत्रधार गुजरातीत कधी शिरतो ते त्यालाही कळत नाही. बडोद्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही.

आता १८७४ च्या त्या विषाच्या पेल्याकडे येऊ.

मल्हारराव गायकवाड १८७० साली गादीवर आले. त्याआधी भाऊ खंडेराव यांच्या राज्यात ते पादरा गावी कैदेत होते. भावाच्या जिवावर उठल्याचा आरोप होता. म्हणजे माणूस कोठडीतून थेट गादीवर. त्यांच्या कारभाराबद्दल तक्रारी इतक्या झाल्या की ब्रिटिशांनी १८७३ मध्ये चौकशी आयोग नेमला. कॅम्पातल्या रेसिडेन्सीत कर्नल फेअर नावाचा रेसिडेंट, म्हणजे ब्रिटिश सरकारचा दरबारातला प्रतिनिधी, होता, आणि त्याचं नि महाराजांचं हाडवैर. २ नोव्हेंबर १८७४ ला महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता धाडला की हा रेसिडेंट बदला. आठवड्याभरात, ९ नोव्हेंबरला, सकाळी फिरून आल्यावर फेअरने नेहमीचं पपनसाचं सरबत घेतलं. दोन-तीन घोटांत काहीतरी बिघडलंय असं वाटलं म्हणून उरलेलं बाहेर ओतलं, तर पेल्याच्या तळाशी गाळ. तपासणीत त्यात सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड निघाली.

पुढे मुंबईहून पोलीस आले आणि धागे उलगडत गेले. कुणापर्यंत? रेसिडेन्सीतली आया. हवालदार रावजी. जमादार नरसू. आणि शेवटी महाराजांचा खासगी कारभारी दामोदरपंत. सरबत कुठल्या टेबलावर ठेवतात हे रावजीला ठाऊक. रात्री वाड्यावर कोण कधी गेलं हे आयाला ठाऊक. पैसा कुठून कुठे गेला हे दामोदरपंताला ठाऊक. हे सगळं एकट्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

कारस्थानाच्या कॅम्पेनचं सगळं मर्म मला इथे दिसतं. सूत्रधार बहुधा एक मोठं गुपित रचतो आणि ते तळघरात कुलुपात ठेवतो. मग खेळाडूंना तळघर सापडेपर्यंत काही घडत नाही, आणि सापडलं की सगळं संपतं. त्यापेक्षा गुपिताचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा एकेका माणसाकडे द्यावा. माणूस जितका खालच्या पायरीवरचा, तितका तुकडा कामाचा. कथानक लिहायच्या भानगडीत पडू नये. खेळाडू ते दुसऱ्याच बैठकीत मोडणार. माणसं तयार करावीत.

प्रत्येक माणसासाठी पोस्टकार्डाएवढा एक कागद पुरतो. त्यावर तीनच गोष्टी: याला काय हवंय, याला कशाची भीती आहे, आणि याला काय माहीत आहे. दिसतो कसा, बोलतो कसा हे आयत्या वेळी सुचतं.

आमच्या कॅम्पेनमधलं शहर चारवेस. नकाशा काढायचा मला कंटाळा, म्हणून जुनं बडोदंच उचललं: मधोमध मांडवी, आणि चार दिशांना लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट हे चार दरवाजे. नावं बदलली की झालं. इथल्या राजवटीकडे एक जादू आहे. दरवर्षी ठरलेल्या दिवशी भर दुपारी प्रत्येक माणसाची सावली मोजून वहीत नोंदवली जाते. ज्याची सावली वहीत नाही तो वेशीजवळ आला की वेशीवरचा दिवा निळा होतो. बंडखोरांना अर्थातच ती वही हवी आहे.

वही सांभाळणारा दफ्तरदार साठीला टेकलेला. त्याला मोतीबिंदू झालाय, ओळी एकमेकांत मिसळतात. वर कळलं तर नोकरी जाईल ही त्याची भीती. म्हणून पुतण्या बाजूला बसून त्याला नोंदी वाचून दाखवतो, आणि पुतण्याला एव्हाना अर्धी वही पाठ आहे. आता खेळाडूंच्या टोळीत एक वैदू आहे, मंत्राने डोळे बरे करू शकणारी. ती दफ्तरदाराचा मोतीबिंदू काढते. म्हातारा उपकाराने दबतो, एक रात्र वही उघडी ठेवायचं कबूल करतो. टेबलावर जल्लोष. पण पुतण्याचं काय? काल तो त्या दफ्तरातला सगळ्यात गरजेचा माणूस होता, आज त्याला कुणी विचारत नाही. तो सरळ कोतवालाकडे जातो. हे मी आधी लिहून ठेवलेलं नव्हतं. दोन कार्डं शेजारी ठेवली आणि खेळाडूंनी एकाला हात लावला, की दुसरं आपोआप हलतं.

राजवटीच्या बाजूची माणसं एकमुखी असली तर हा खेळ उभाच राहत नाही. पहारेकऱ्यांचा चार महिन्यांचा पगार तुंबलाय. सराफाने सरकारला एवढं कर्ज दिलंय की राजवट बुडाली तर तोही बुडेल, आणि टिकली तरी पैसे परत येतील याची खात्री नाही. कोतवालाला सेनापतीची जागा हवी आहे. या तिघांपैकी दुष्ट कुणीही नाही, तरी त्यांच्या नोकऱ्यांवरच तो जुलूम उभा आहे. दुष्ट माणूस एखादाच ठेवावा आणि तो फार कमी वेळा समोर आणावा.

जुलूम दाखवायलाही चाबूक नि फाशी लागत नाही. वेशीवरची रांग दाखवा. खेळाडूंच्या पुढे उभ्या असलेल्या बाईच्या परवान्यावर शाईचा डाग पडलाय. शिपाई शांतपणे म्हणतो, ‘नवीन आणा. कचेरी परवा उघडेल.’ तिच्या कडेवर तापाने फणफणलेलं मूल आहे. तेवढ्यावर माझे खेळाडू पेटून उठतात. तलवार उपसली तर हरतील हेही त्यांना कळतं, आणि कट करायची बुद्धी माणसाला अशाच जागी होते.

जादूचा एक प्रश्न नेहमी येतो. मनातलं वाचायचा मंत्र, खरं बोलायला लावणारा मंत्र, मेलेल्याशी बोलायचा मंत्र: यातलं काहीही असलं की कारस्थान दोन मिनिटांत उघडं. काही सूत्रधार असे मंत्र बंद करतात. मला ते रडीचा डाव वाटतो. खेळाडूने हौसेने घेतलेली शक्ती काढून कशाला घ्यायची? वर सांगितलेले तुकडे इथे कामी येतात. रावजीचं मन वाचलं तर रावजीचाच तुकडा कळेल. त्याला पुडी कुणी दिली ते कळेल, पण देणाऱ्याला कुणी सांगितलं ते त्याच्या मनात नाहीच. मंत्र वापरून खेळाडू एक पायरी वर चढतात, आणि खेळ चालू राहतो.

फासे किती वेळा टाकायचे

इथे थोडं गणित करावं लागेल, कारण चांगल्या चांगल्या योजना इथे मातीत जातात. समजा खेळाडूंना कचेरीतून वही पळवायची आहे. सूत्रधार म्हणतो: भिंत चढताना एक फासा, कुत्र्याला चुकवताना एक, कुलपाला एक, वही शोधायला एक, परत येताना एक. प्रत्येक वेळी यशाची शक्यता ७० टक्के ठेवली. ऐकायला भरपूर वाटते. पण पाचही जमायला हवेत, तर ७० टक्क्यांचा पाच वेळा गुणाकार होतो आणि हाती उरतात जेमतेम १७ टक्के. म्हणजे सूत्रधाराने नकळत ठरवून टाकलं की ही चोरी फसणारच. मग फसते, मारामारी होते, आणि खेळाडू शिकतात की योजना करण्यात अर्थ नाही.

उपाय दोन. फासे कमी टाका. अख्ख्या चोरीला दोन, फार तर तीन. आणि फासा चुकला म्हणजे पकडले गेले असं समजू नका. वही मिळाली, पण खिडकीच्या गजाला चोराच्या अंगरख्याची चिंधी अडकून राहिली. काम झालं, किंमत नंतर वसूल होईल.

ती किंमत मोजायला कागदावर सहा चौकोन काढा आणि वर लिहा ‘संशय’. चिंधी सापडली, एक चौकोन भरा. शिपायाला लाच देताना कुणी पाहिलं, एक भरा. पहारेकरी मेला, दोन भरा. कागद टेबलाच्या मधोमध सगळ्यांना दिसेल असा ठेवावा, लपवू नये. पाचवा चौकोन भरताना टेबलावर जी शांतता पसरते ती सूत्रधाराच्या वर्णनाने कधी येत नाही. सहा भरले की राजवट हालचाल करते, आणि ती हालचालही आधीच ठरवून ठेवावी: रात्रीची संचारबंदी, किंवा ओळखीतल्या एकाला अटक. खेळाडूंवर थेट छापा पहिल्याच वेळी घालू नये. त्यांच्या दूधवाल्याला उचललं तर ते जास्त झोंबतं, शिवाय पुढच्या बैठकीचं काम आयतं तयार होतं.

पुरावे आणि शिक्कामोर्तब

खेळाडूंना कळायलाच हवी अशी कुठलीही गोष्ट एकाच पुराव्यावर टांगू नये. निदान तीन जागी ठेवावी. एक ते बघत नाहीत, दुसऱ्याचा भलताच अर्थ लावतात, तिसरा हाती लागतो. हिशेबही तसाच आहे: प्रत्येक पुरावा सापडायची शक्यता ६० टक्के धरली, तर एकच ठेवल्यास १०० पैकी ४० वेळा कथा ठप्प, तीन ठेवले तर तिन्ही हुकण्याची वेळ साधारण ६ वेळाच येते.

पुराव्याने फक्त घडलेली गोष्ट सांगावी, निष्कर्ष खेळाडूंना काढू द्यावा. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. महाराजांवरच्या खटल्यात सरकारी बाजू म्हणाली, झालं सिद्ध. बचावाला लंडनहून बॅलंटाइन नावाचे नामांकित वकील आले होते. त्यांचा रोख असा की हे पोलिसांनीच रचलेलं आहे. पुडी तीच, गोष्टी दोन. कारस्थानाच्या कॅम्पेनमध्ये असा दुधारी पुरावा एखादा तरी हवाच. मात्र सगळेच तसे केले तर खेळाडू वैतागून हात टेकतात.

मराठी टेबलाला एक जास्तीची सोय आहे, ती वापरत नसाल तर वापरा: आपली जुनी पत्रं. जुन्या मराठी पत्राला सुरुवातीला शिक्का असतो आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब असतं, ते याचसाठी: मजकूर इथे संपला, यापुढे काही असेल तर ते आमचं नव्हे. आता विचार करा, खेळाडूंच्या हाती अमात्याचं एक पत्र पडलंय. शिक्का बरोबर, अक्षर बरोबर, मोर्तबही बरोबर. पण मोर्तबाच्या खाली, कागदाच्या कडेला, एक बारीक ओळ आहे: ‘पत्र आणणाऱ्यास जिवंत ठेवू नये.’ ही ओळ कुणी घातली? आमच्याकडे हे पत्र मी चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर लिहून दिलं होतं, शेवटची ओळ मोडीत. टेबलावरच्या एकीने फोनवर मोडीचा तक्ता उघडला आणि पाऊण तास सगळे त्या एका ओळीवर वाकून बसले. सेवउसळ थंड झाली. त्या पाऊण तासात मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

दगाबाजीबद्दल फार बोलत नाही. एका कॅम्पेनला एक फितूर पुरे. दुसरा आला की खेळाडू कुणावरच विश्वास ठेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, आणि सगळा डाव तलवारीवर येतो. जो फितूर होणार त्याची चुणूक आधी दोनदा तरी दिसलेली हवी, म्हणजे उघड झाल्यावर टेबलावरून ‘अरे, तेव्हाच कळायला हवं होतं’ असं ऐकू येतं. खेळाडूंपैकीच कुणी फितूर व्हायचं असेल तर सुरुवातीला सगळ्यांची संमती घ्या. घरातल्या माणसांत, जुन्या मित्रांत ते फारसं रुचत नाही, असा माझा अनुभव.

संमतीवरूनच आठवलं. पहिली बैठक खेळाची नसावीच, बोलण्याची असावी. जुलूम हा विषय घेतलाय तर काय दाखवायचं, काय पडद्याआड ठेवायचं आणि काय मुळीच आणायचं नाही, हे पात्रं बनवायच्या आधी ठरवावं. छळ, बायकांवरचे अत्याचार, जातीधर्मावरून होणारी हिंसा: यातलं कुणाच्या घरात काय घडून गेलंय हे आपल्याला माहीत नसतं, आणि कुणाला ते सर्वांसमोर सांगायला लावूही नये. चिठ्ठ्या घ्या, नावाशिवाय. ठरलेल्या मर्यादेपाशी कुणी टेबलावर हात आडवा धरला की प्रसंग तिथेच तोडायचा, कारण विचारायचं नाही.

राजवट पडल्यावर

बडोद्याच्या खटल्याला सहा जणांचं मंडळ बसलं. तीन इंग्रज, आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंग आणि सर दिनकरराव. फेब्रुवारी-मार्च १८७५ मध्ये काम चाललं. कौल तीन-तीन असा दुभंगला: इंग्रजांच्या मते विषप्रयोगात महाराज दोषी, हिंदी सभासदांच्या मते तसं सिद्ध झालेलं नाही. तरी एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत केलंच, आणि कारण विषाचं दिलं नाही, गैरकारभाराचं दिलं. खेळाचा शेवट म्हणून याहून चांगला साचा मला माहीत नाही. राजवाड्याच्या दारात शेवटची लढाई ठेवण्याऐवजी सहा न्यायाधीश ठेवा, सहांची कार्डं करा, आणि खेळाडूंना दोन बैठका द्या. कोण विकला जाईल, कोण घाबरेल, कोणाला फक्त आपलं म्हणणं कुणीतरी ऐकून घ्यावं असं वाटतंय? आणि कौल दुभंगला तर त्या फटीतून कोण आत शिरेल?

गादी रिकामी झाली की पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो. बडोद्यात खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी २७ मे १८७५ ला नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या एका १२ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं, तोच पुढे सयाजीराव झाला. दिवाण म्हणून सर टी. माधवराव आले, ते ब्रिटिशांच्या पसंतीने. मुलगा कोण निवडतो, त्याच्या नावाने कारभार कोण करतो, आणि त्या कारभाऱ्याला कोण नेमतो, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि खेळाडू बहुतेक वेळा पहिल्यावरच थांबतात. त्यांना थांबू देऊ नका.

म्हणून शेवटच्या बैठकीत फासे बाजूला ठेवून उरलेली सगळी कार्डं टेबलावर उलगडून मांडा आणि खेळाडूंनाच विचारा, आता यांचं काय करायचं. सावल्यांची वही जाळायची की ठेवायची, यावर आमचा वाद दीड तास चालला. चोर म्हणे जाळा, सरदाराची मुलगी म्हणे आता ती आपल्या कामाची आहे. वादाचा निकाल लागायच्या आत पहारेकरी वाड्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांचा चार महिन्यांचा पगार आता खेळाडूंनी द्यायचा होता, खजिना रिकामा होता, आणि सराफ व्याजाचा दर सांगून बसला होता.